काळविटाचा माळ : येरमाळा ते रेहेकुरी

आमच्या भागात फटाके दिवाळीपेक्षा आषाढात जास्त वाजतात. येरमाळ्यापासून जवळच तेरखेडा आहे. फटाके तयार करणारे गाव म्हणून त्याची ओळख आहे, तेरणा नदीचा उगमही त्याच परिसरातला. तिथली सुतळी बॉम्बची पाकिटे जून-जुलैत पुन्हा बाहेर निघतात. सोयाबीन दोन-चार पानांवर आले की रात्री माळाच्या कडेने एकेक आवाज सुरू होतो. लग्न नसते, वरात नसते. बांधावर कोणीतरी बॅटरी घेऊन बसलेला असतो. उजेडात डोळ्यांच्या जोड्या चमकल्या की तो वात पेटवतो. त्या जोड्या हरणांच्या असतात. आवाज झाला की कळप निघून जातो आणि अर्ध्या तासाने शेजारच्याच्या शेतात उतरतो. मग शेजारी वात पेटवतो.

येरमाळ्याच्या फाट्यावर चहा घेताना एकदा हा विषय निघाला. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "जंगलं तोडली आपण. मग हरणं शेतात येणार नाहीत तर जातील कुठं?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही कित्येक वर्षे अशीच मान हलवत होतो, भाषणांतून हेच वाक्य सांगतही होतो. ते वाक्य चुकीचे आहे हे कळायला मला बराच काळ आणि बरीच पायपीट लागली. आमच्या माळावरचे हरीण, म्हणजे काळवीट, जंगलातला प्राणीच नाही. त्याच्यासाठी दाट झाडी लावून दिली, तर ते तिथून निघून जाईल.

आधी नावाचा घोळ सोडवू. मराठीत आपण चितळालाही हरीण म्हणतो आणि काळविटालाही. दिसायला दोघेही नाजूक, म्हणून हे चालून जाते. प्रत्यक्षात दोघांची कुळे वेगळी. चितळाची, सांबराची शिंगे भरीव हाडांची, फांद्या फुटलेली असतात. ती दर वर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाचे शिंग आयुष्यात एकदाच येते. आत हाडाचा गाभा, वर नखासारख्या द्रव्याचे आवरण, आणि त्यावर वळ्यांचे पेड. ही रचना गाय, म्हैस, शेळी यांच्या शिंगांची आहे, आणि काळवीट त्यांच्याच कुळातले. शास्त्रीय नाव अँटिलोप सर्व्हिकाप्रा. त्या प्रजातीगटात जगात आज ही एकच जात उरली आहे. आपल्या माळावरचा दुसरा नातेवाईक म्हणजे चिंकारा. तो लहान, फिकट रंगाचा, एकेकटा किंवा दोन-चारांनी फिरणारा. उतारावर, ओघळींच्या काठी तो दिसतो. पाण्यावाचून तो दीर्घकाळ काढतो. काळविटाला मात्र उन्हाळ्यात पाणवठा लागतोच.

काळविटाचा सारा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळा परिसर दिसतो. धोका लांबूनच ओळखायचा आणि वेळेत पळायचे, एवढेच त्याचे शस्त्र. पळताना ते ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग गाठते. इतका वेग कशासाठी? लांडग्यापासून सुटायला एवढा लागत नाही. हा वेग चित्त्याच्या काळातला आहे. आपल्या देशात शेवटचे तीन चित्ते १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी मारले आणि १९५२ मध्ये चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. कोल्हापूरच्या संस्थानात त्या काळातही काळविटांच्या शिकारीसाठी पाळीव चित्ते ठेवलेले होते. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून आणावे लागले. चित्ता गेला, पण त्याने घडवलेला वेग काळविटाच्या पायात राहिला.

आता अशा प्राण्याला झुडपांत उभे करा. चितळाला झाडी म्हणजे लपायची जागा. काळविटाला झाडी म्हणजे लांडगा आणि कुत्रा लपायची जागा. नजर अडली की त्याचे शस्त्र बोथट झाले. येडशीजवळ रामलिंग घाटाचे अभयारण्य आहे, १९९७ सालचे, क्षेत्र २२.३७ चौरस किलोमीटर. येरमाळ्याहून अर्ध्या तासाची वाट. घाटाची झाडी, दरी, पावसाळ्यातला धबधबा, खाली रामलिंगाचे देऊळ. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे वाघ आला. टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला. वाहिन्या आल्या, त्याला पकडायला पथके आली, जिल्हाभर दुसरा विषय नव्हता. वाघ झाडीत राहिला हे बरोबरच होते. पण त्याच दिवसांत घाटाबाहेरच्या उघड्या पठारावर, सरकारी कागदाच्या भाषेत जिथे काहीच नाही अशा जागी, हरणांचे कळप चरत होते. त्यांची बातमी होत नाही. ती फक्त पंचनाम्यात येतात.

हे पठार उघडे का आहे, हा खरा प्रश्न. माणसाने झाडे तोडली म्हणून, असे उत्तर आपल्या तोंडात बसलेले आहे. त्यावर मला पहिली शंका आली ती येरमाळ्याच्या यात्रेत. येडेश्वरीची चैत्र पौर्णिमेची यात्रा ज्यांनी पाहिली असेल त्यांना चुनखडीचे रान माहीत असेल. देवीची पालखी डोंगरावरून खाली येते आणि वाटेतल्या रानात लाखो माणसे जमिनीवरचे चुनखडीचे खडे वेचतात. लहानपणापासून मीही वेचले. हे खडे आले कुठून, असा प्रश्न मात्र पन्नाशीच्या जवळ आल्यावर पडला.

उत्तर साधे निघाले. आमचा सगळा प्रदेश काळ्या पाषाणाचा, लाव्हारसाच्या थरांचा. त्या खडकात कॅल्शियम भरपूर. पावसाच्या पाण्याबरोबर तो विरघळून खाली झिरपतो. भरपूर पावसाच्या कोकणात तो वाहून जातो. बालाघाटाच्या पठारावर पाऊस बेताचा आणि ऊन कडक. पडते त्याहून जास्त पाणी उडून जायची तयारी असते. मग पाणी वर उडते, चुना मागे राहतो आणि मातीत त्याच्या गाठी बनतात. या गाठी एका हंगामात बनत नाहीत. त्यांना हजारो वर्षे लागतात. म्हणजे यात्रेत आपण ओंजळीत घेतो ती या प्रदेशाच्या कोरडेपणाची जुनी नोंद आहे. कुऱ्हाडी येण्याच्या कितीतरी आधीपासून हा मुलूख असाच रखरखीत होता. (गावाच्या नावातच माळ आहे, असे एका मित्राने सुचवले. व्युत्पत्तीच्या भानगडीत मी पडत नाही.)

वर मुरमाची वीतभर माती, खाली खडक, चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन. अशा जागी झाड रडतखडत वाढते, गवत मात्र फोफावते. गवताची युक्ती अशी की त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. वरून जनावराने खाल्ले, विळ्याने कापले, वणव्याने जाळले, तरी पहिल्या पावसाला ते पुन्हा फुटते. उन्हाळ्यात आपल्याला माळ मेलेला दिसतो तेव्हा त्याचे बरेचसे शरीर मुळांच्या रूपाने जमिनीखाली जिवंत असते. दबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी देशभरच्या गवताळ भागांची पाहणी करून १९७३ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दख्खनच्या पठारावरचा गवताचा प्रकार त्यांनी दोन गवतांच्या नावांनी ओळखला. त्यांतले एक आपले शेडा आणि दुसरे मारवेल. आमच्या माळावर ही दोन्ही आहेत, पण जिथे जनावरे फार चरली तिथे ती मागे हटतात आणि कुसळी पुढे येते. पायजमा पाहून माळाची प्रकृती सांगता येते: कुसळे जितकी जास्त टोचलेली, तितका माळ थकलेला. अधूनमधून बोर, हिवर, तरवड. झाडे आहेत, पण विरळ, छत्री उघडून एकेकटी उभी असल्यासारखी.

जुन्या लोकांना हा भूभाग वेगळा ओळखता येत होता. आयुर्वेदाच्या ग्रंथांत देशाचे, म्हणजे भूमीचे, प्रकार सांगितले आहेत. पाणथळ, दाट झाडीचा तो आनूप. मोकळा, कोरडा, विरळ झाडांचा तो जांगल. आणि जांगल देशाचा खास प्राणी म्हणजे हरीण. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने यावर एक आख्खे पुस्तक लिहिले आहे. त्यात त्याने दाखवून दिले की आजचा 'जंगल' हा शब्द याच जांगलपासून आला. ज्या शब्दाचा अर्थ उघडा माळ होता, तो फिरत फिरत दाट अरण्याला जाऊन चिकटला. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आरंभीच, जिथे कृष्णमृग राहतो त्या देशाचे धर्म सांगतो, असा उल्लेख येतो. धर्मशास्त्राशी मला इथे कर्तव्य नाही. पण काळविटाचा वावर ही एखाद्या प्रदेशाची ओळख मानली जात होती, एवढे त्यावरून कळते. तेव्हा फाट्यावरच्या गुरुजींचे वाक्य एका अर्थाने खरेही होते. जंगल तोडले म्हणून हरणे शेतात आली, फक्त ते जंगल म्हणजे जांगल.

अलीकडे, २०२५ मध्ये, आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचे जुने मराठी वाङ्मय, ओव्या, कथा चाळून त्यांत कोणत्या झाडाझुडपांचे उल्लेख येतात ते तपासले. त्यात मोकळ्या माळाच्या वनस्पतीच अधिक निघाल्या. पश्चिम महाराष्ट्रातले माळ निदान साडेसातशे वर्षे माळच आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. माझ्यासारख्या, प्रयोगशाळा नसलेल्या माणसाला या अभ्यासाने फार धीर दिला. पोथ्याही पुरावा देऊ शकतात तर.

हे सगळे कळण्याआधी माझ्या हातून जे झाले ते सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी वृक्षलागवडीच्या एका मोहिमेत मी उत्साहाने सामील झालो. जागा ठरली ती गावाबाहेरचा माळ, कारण तो 'मोकळा' होता. यंत्राने खड्डे घेतले, चर काढले, शेडा आणि मारवेल मुळांसकट उपटून बाजूला पडले. गिरिपुष्प, सुबाभूळ, करंज लावले. फोटो निघाले, त्यांत मीही आहे, टोपी घालून. पुढच्या दोन उन्हाळ्यांत बहुतेक रोपे वाळली. जी तगली ती आज डोक्याइतकी झाली आहेत आणि त्यांच्याखाली गवत नाही. खड्ड्यांच्या उकरलेल्या मातीवर वेडी बाभूळ आली, जी कोणी लावली नव्हती. त्या माळावर पूर्वी एक नर उभा असायचा. आता नसतो.

तो नर तिथेच का उभा असायचा, हे सांगायला हवे, कारण काळविटाचे आयुष्य जागेशी किती घट्ट बांधलेले आहे ते त्यातून कळते. विणीच्या हंगामाआधी, श्रावण-भाद्रपदाकडे आणि पुन्हा होळीच्या सुमारास, तगडे नर रंगाने गडद काळे होतात. माद्या आणि कोवळे नर तपकिरीच राहतात. काळा नर माळाचा एक तुकडा स्वतःचा ठरवतो. ठरावीक जागी लेंड्या टाकून ढीग करतो, डोळ्याखालच्या ग्रंथीतला चिकट स्राव काटक्यांना लावतो, मान मागे टाकून, नाक वर करून ऐटीत चालतो. दुसरा नर हद्दीत शिरला की शिंगाला शिंग. कळप लहान असेल तर असे नर लांब लांब उभे राहतात. कळप मोठे असतील तर अनेक नर जवळजवळ तुकडे मांडून बसतात आणि माद्या त्यांतून फिरून निवड करतात. स्वयंवरच म्हणा. ही सारी मांडणी ठेंगण्या गवताच्या, सपाट, दूरवर दिसणाऱ्या जागेवरच होते. माझ्या मित्रमंडळींनी खड्डे घेतले ते नेमके अशा जागी.

नराच्या या हट्टी स्वभावाचा उपयोग शिकाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. पाळीव काळविटाच्या शिंगांना फास किंवा जाळी बांधून त्याला माळावर सोडायचे. हद्द राखणारा नर चालून यायचा आणि शिंगे अडकवून बसायचा. अकबराच्या काळच्या आईन-ए-अकबरीत हरणाकडून हरीण पकडण्याचे वर्णन आहे. आमच्याकडे ही विद्या पारध्यांकडे होती. त्यांतले काही गाईच्या आडोशाने शिकार करणारे, काही चित्ता बाळगणारे, बहुतेक फास लावणारे. माळावरच्या प्राण्यांविषयी त्यांच्या जुन्या माणसांना जे माहीत आहे ते माझ्या वह्यांत अजून निम्मेही उतरलेले नाही. पण त्यांच्याशी बोलताना एक अवघडलेपण असते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली आणि पुढे पारधीही त्या यादीत आले. यादी १९५२ ला गेली, नजर गेली नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळवीट पहिल्या परिशिष्टात आले. ते योग्यच झाले. पण ज्यांची विद्या एका रात्रीत गुन्हा ठरली त्यांना पर्याय म्हणून माळाची राखण कोणी दिली नाही.

माळाला 'पडीक' हे नाव कागदाने दिले. महसुलाचे गणित सरळ आहे: ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक. गावाचे गायरान म्हणजे सार्वजनिक चराई, म्हणजे कोणाचेच नाही, म्हणजे कोणालाही देता येईल असे. गायरानावर आधी रस्ते, मग वसाहती, पाणीपुरवठ्याच्या टाक्या, आता सौरऊर्जेचे पट्टे. शेजारच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा प्रत्येक खांबापर्यंत ट्रेलर जाईल एवढा रुंद रस्ताही आला.

इथे मात्र एक गोष्ट हळू आवाजात आणि नीट बोलावी लागते. मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न हा जातीचा प्रश्नही आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून, १९५९ आणि १९६४ पासून, भूमिहीन दलित कुटुंबांनी गायराने कसून पोट भरले, त्यासाठी मार खाल्ला, पिके उपटलेली पाहिली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला, तरी सातबारासाठी माणसे अजून खेटे घालत आहेत. "हरणांसाठी गायरान सोडा" असे शहरातून येऊन त्यांना सांगणारे लोक मी पाहिले आहेत. माझ्याच्याने ते होत नाही. दोन एकर मुरमाड रानावर बाजरी काढणाऱ्याने माळ संपवला नाही. त्याच्या शेजारची शेकडो एकर एका सहीने गेली, तिचा हिशेब आधी व्हावा.

पूर्वी गवताची राखण होत असे ती प्रेमापोटी नव्हे, उपयोगापोटी. घोडदळाला वैरण लागे म्हणून राजांनी कुरणे राखली. गुजरातेत भावनगर संस्थानाने राखलेले गवताचे रान पुढे वेळावदरचे काळवीट उद्यान झाले, १९७६ मध्ये, सुमारे ३४ चौरस किलोमीटरचे. तिथली हरणे वाचली कारण त्यांच्या आधी गवत वाचले होते.

आपल्याकडचे उदाहरण रेहेकुरीचे. येरमाळ्याहून पश्चिमेला परंडा, करमाळा ओलांडून गेले की अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात हे काळवीट अभयारण्य लागते. १९८० मध्ये जाहीर झाले. क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे २१७ हेक्टर. आमच्याकडे एखाद्या मोठ्या घराण्याची भावकी याहून जास्त जमीन राखून असे. वेळावदरच्या पंधराव्या हिश्श्याएवढाही हा तुकडा भरत नाही. तरीही या तुकड्याने काम केले हे मान्य केले पाहिजे. बंदूक आणि फास थांबले आणि मोजकी उरलेली हरणे शेकड्यांत गेली.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मनोऱ्यावर चढून पाहिले आणि गोंधळलो. आत बाभूळ, हिवर, बोर, निंब यांची चांगलीच दाटी. हरणे बाहेर, शेतांत. राखण करणारा एकजण हसून म्हणाला, "साहेब, सकाळी बघायची असली तर ज्वारीत बघा." अभयारण्य झाले म्हणजे झाडे लावायची, ही आपली समजूत. चराई बंद झाली, झाडी वाढली, गवताखालची जागा आटली आणि ज्याच्यासाठी कुंपण घातले तेच बाहेर पडले. वर, २१७ हेक्टरांत शेकडो हरणे मावतच नाहीत. नराला हद्द हवी, हद्द न मिळालेल्या नरांचे वेगळे टोळके असते, त्यालाही कुठेतरी चरायचे असते. रेहेकुरीचे खरे क्षेत्र भोवतालच्या शेतकऱ्यांच्या सातबारावर आहे, पण त्यांना ते कोणी विचारून घेतलेले नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजला याच्या उलट चूक झाली. बी. एस. कुलकर्णी यांनी १९७२ मध्ये तिथल्या माळढोकांकडे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झाले, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली गावे, बाजारपेठा, ऊस, सगळे त्यात. जमीन विकायची, विहीर पाडायची तर अडचण. पक्ष्याविषयी गावोगावी राग साठला. २०१२ मध्ये क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले, तोवर उशीर झाला होता. आज माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात छापून येते. काळवीट मात्र त्याच माळांवर टिकून राहिले, वाढलेही. माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर. काळवीट पीक खाऊन जगू शकते. ते जगले हीच त्याच्याविषयीच्या तक्रारीची सुरुवात.

कारण पीकही बदलले. आमचा पट्टा मूळचा रब्बी ज्वारीचा. पावसाळ्यात बरीच राने पड असायची, त्यांत गवत यायचे, भाद्रपद-आश्विनात पेरणी व्हायची. आषाढ-श्रावणात, म्हणजे पाडसे पोटात असताना आणि दूध उतरायच्या वेळी, हरणीला हिरवे हवे असते. तेव्हा ते पडीतून मिळे. आता त्याच महिन्यांत त्याच रानात सोयाबीन असते. शेंगवर्गी, लुसलुशीत, गवतापेक्षा कितीतरी सकस. हरणीने गवत शोधत का फिरावे? दिवाळीनंतर हरभरा आहेच. जुने शेतकरी ज्वारी-हरभऱ्याच्या कडेने करडईच्या ओळी पेरत. तिचे काटे जनावराला आत येऊ देत नसत आणि घरचे तेलही होई. करडई गेली. आता बांधावर जुन्या साड्या ताणतात, झटका मशीन लावतात, नाहीतर तेरखेड्याचा माल.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने दोन वर्षांपूर्वी दुबार पेरणी केली. पहिली पेरणी हरणांनी, दुसरी पावसाच्या खंडाने. भरपाईसाठी अर्ज, पंचनामा, फोटो, सह्या असे सगळे केले. रोपे कोवळी असतानाच खाल्ली तर पंचनाम्याच्या दिवशी रानात दाखवायला काही उरतच नाही. तो मला म्हणाला, "दादा, तुमी हरणावर लिवता ते वाचलं. चांगलं लिवता. पर माज्या रानात एकदा रात्रीचं येऊन बसा." मी गेलो, बसलो. पहाटेपर्यंत तीन वेळा कळप आला. त्याने बॉम्ब लावला नाही, मला त्रास नको म्हणून. हे त्याने सकाळी सांगितले. त्या रात्रीचे सोयाबीन माझ्या खात्यावर आहे.

हरणांचेही सुखाचे नाही. कुत्र्यांच्या टोळ्या मागे लागल्या की ती अंधारात बिनकठड्याच्या विहिरीत पडतात. शेततळ्यांचा प्लास्टिकचा कागद तर फारच वाईट. पाणी प्यायला उतरलेल्या हरणाला खूर रोवायला जागाच मिळत नाही आणि ते वर चढायच्या धडपडीत थकून बुडते. एका बाजूने दोर किंवा काथ्याची जाळी सोडली तर ते वाचते; खर्च शे-दोनशे रुपये. धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी झाल्यापासून अलीकडचे आणि पलीकडचे कळप तुटले. मधल्या दुभाजकाशी बुजून उभे राहिलेले हरीण आणि मागून येणारा ट्रक, हे चित्र मी दोनदा पाहिले आहे. लांडगा, जो हरणांची संख्या आवरतो आणि त्यातले आजारी आधी उचलतो, तो गवताबरोबरच विरळ झाला. लांडगे कमी आणि सोयाबीन भरपूर. कळप मोठे दिसणारच.

गेल्या आश्विनात त्याच शेतकऱ्याच्या वरच्या पट्टीत गवत कापणी चालू होती. ती दोन एकर त्याने कधी नांगरली नाही. मुरूम आहे, नांगर चालत नाही, म्हशींना वैरण होते, एवढेच त्याचे कारण. शेडा कमरेइतका उभा होता. कापणाऱ्या बायकांपैकी एकीचा विळा थांबला. तिच्या पुढ्यात पाडस बसले होते, दोन-चार दिवसांचे, मान जमिनीला टेकवून, कान पाडून. काळविटाची पाडसे पहिले काही आठवडे अशीच गवतात दडून असतात. आई लांब चरते आणि पाजायला येते. ते हलले नाही. बाईने हाक मारून बाकीच्यांना थांबवले. शेतकरी आला, त्याने पाहिले, डोक्याचे उपरणे सोडून तिथल्या बोरीच्या फांदीला खुणेसाठी बांधले. "एवढं ऱ्हाऊ द्या," म्हणाला. खाटेएवढा तुकडा सोडून पात पुढे सरकली. संध्याकाळी माळाच्या टोकाला हरणी उभी होती. आम्ही बैलगाडी भरली आणि खाली आलो. जाताना त्याने मला विचारले, या पाडसाची तक्रार पुढच्या आषाढात कोणाकडे करायची.